कुणीकडं पळाला

तो माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. त्यानं माझा जीव वाचवला म्हणून त्यात काही फरक पडला असं कुणी समजू नये. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या गावातल्या लोकांनी, मास्तरांनी आणि दर वर्षी झेंडावंदनाला मला खुर्चीत बसवून भलतंच बोलणाऱ्या पुढाऱ्यांनी या गोष्टीचं पार वाटोळं केलंय. मी चौथीत नापास झालो आणि शाळा सोडली. लिहायची सवय नाही. पण दुसऱ्यांनी माझ्याबद्दल गुळगुळीत खोटं बोलावं त्यापेक्षा मी वाकडंतिकडं खरं लिहिलेलं बरं.

तो आमच्या पलटणीला दिलेला पट्टीवाला होता. जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची, तापाच्या गोळ्या वाटायच्या, हे त्याचं काम. बाकीचे त्याला डॉक्टर म्हणायचे. मी पट्टीवाला म्हणायचो, आणि ते तोंडावर. तो शिरोळकडचा जैन, घरी नदीकाठची उसाची जमीन. मी गडहिंग्लजचा. एकाच जिल्ह्यातले म्हणून सगळ्यांना वाटायचं, या दोघांचं जमेल. कशाचं जमतंय! तो मटण खायचा नाही, कांदा खायचा नाही, दिवस मावळायच्या आत जेवून मोकळा व्हायचा आणि पाणी फडक्यानं गाळून प्यायचा. आम्ही माणसं मारायला निघालेलो, आणि हा पाण्यातला किडा जपतोय. माझं डोकंच फिरायचं.

एकदा जेवताना मी मटणाचं हाडूक त्याच्या ताटावर धरलं आणि म्हटलं, "डॉक्टर, ह्याला जरा पट्टी बांधा की. लय लागलंय बघा बिचाऱ्याला."

सगळे फिदीफिदी हसले. त्यानं ताट बाजूला सरकवलं आणि शांतपणे म्हणाला, "अण्णा, तुला लागलं की तुला बांधतो. तवर हाडूक तूच चघळ."

"मला काय लागतंय? गोळी मला बघून वाट बदलती."

"मग बरंच हाय की ओ. माझी पट्टी वाचली."

त्याचं बोलणं हे असं. आवाज म्हणून चढवायचा नाही. आईवरनं शिवी दिली असती तर दोन हात करून मी तिथंच मिटवलं असतं. पण तो शिवी देत नव्हता, आणि त्यामुळं माझा राग पोटातच राहायचा.

एकाहत्तर सालच्या लढाईत आम्ही पूर्वेला होतो. तिकडं सगळा पाण्याचा मुलूख. एक नदी उतरली की दुसरी पुढं उभी. भातं कापून खाचरं मोकळी झालेली, आणि मागचे पूल उडवलेले. त्यामुळं जखमींची गाडी पुढं येतच नव्हती. कुणाला जबर लागलं तर हेलिकॉप्टर यायचं, खाचरात टेकायचं, पंखा बंद न करता माणसं घ्यायचं आणि लगेच उडायचं. ते खाली दिसलं की समोरचे लोक उखळी तोफा त्याच्यावरच लावायचे. म्हणून सगळा खेळ दोन-तीन मिनिटांचा.

त्या दिवशी सकाळी आमच्यातल्या एका गड्याला पोटात लागलं. शेताच्या कडेला एक लांब चर होता, त्यात त्याला आणून ठेवलं. पट्टीवाल्यानं त्याला इंजेक्शन दिलं आणि जखमेवर लावायचं जांभळं औषध असतं, त्यात बोट बुडवून त्याच्या कपाळावर एक अक्षर काढलं. गडी अर्ध्या तासात गेला. मी पाणी प्यायला चरात आलतो तेव्हा तो तसाच पडला होता. डोळे मिटलेले, तोंडावर माशी, आणि कपाळावर ते जांभळं अक्षर. इंग्रजी होतं. मला इंग्रजी येत नव्हतं.

दुपारी मलाच लागलं. डाव्या गुडघ्याचा चेंदामेंदा झाला. दोघांनी काखेत धरून मला त्याच चरात ओढत नेलं. पट्टीवाला माझ्याजवळ बसला, विजार कापली, बघितलं आणि कामाला लागला. मी त्याला काय काय म्हणालो ते लिहिण्यासारखं नाही.

तो म्हणाला, "वरड की. वरडल्यानं काय बिघडत न्हाई. पाय हलवू नको म्हंजे झालं."

मग दंडात सुई टोचली, जांभळ्या औषधात बोट बुडवलं आणि माझ्या कपाळावर तेच अक्षर काढलं.

माझ्या शेजारी माझा जोडीदार पडला होता. बेळगावकडचा गडी, मांडीत गोळी, पण तोंड चालूच. तो म्हणाला, "डॉक्टर, नवरदेवाला कुंकू लावताय व्हय?"

पट्टीवाला घाईत होता. पुढं अजून माणसं विव्हळत होती. उठता उठता तो म्हणाला, "यम," आणि गेला.

आता तुम्ही हसाल. हसा. तुम्ही शिकलेले. पण आमच्याकडं इंग्रजी अक्षरांचे उच्चार कसे करतात ते आठवा. यष्टी. यम्मे. यल्लेल्बी. मॅट्रिक झालेला माणूससुद्धा त्या अक्षराला यमच म्हणतो, आणि हा तर शिरोळचा. त्याच्या तोंडात दुसरं काय येणार? पण यम हे त्या अक्षराचंच नाव आहे हे मला कुठं माहीत? मी एवढंच ऐकलं की माझ्या कपाळावर यम लिहिला. सकाळी ज्याच्या कपाळावर लिहिला तो अर्ध्या तासात गेला होता. मला वाटलं, कोण जगणार आणि कोण मरणार हे हा पाणी गाळून पिणारा ठरवतोय, आणि त्या हाडकाचा राग माझ्यावर काढतोय.

मी बाहीवर थुंकलो आणि कातडी सोलेपर्यंत कपाळ घासलं.

जोडीदार म्हणाला, "आरं, काय करतोस?"

"सुक्काळीचा माझ्या कपाळावर यम लिवून गेला. मी मरत नसतोय. त्याला म्हणावं, सोताच्या कपाळावर लिव."

"येडा हैस का तू?" असं म्हणून तो हसायला लागला, आणि मांडी दुखली तसा शिव्या द्यायला लागला. त्याचं मी ऐकलेलं शेवटचं बोलणं ते.

तेवढ्यात हेलिकॉप्टरचा आवाज आला. आमचे सुभेदार चरात उभे राहून ओरडून सांगत होते. आडवी माणसं तीनच मावतात. चौघा-चौघांनी स्ट्रेचर उचलायचं, नेऊन ठेवायचं, उलट्या पावली परत यायचं. बाकी कुणी चरातून डोकं वर काढायचं नाही. आणि डॉक्टरनं तर मुळीच नाही, कारण मागं सहा जखमी राहणार आणि डॉक्टर एकच. हा हुकूम मी माझ्या कानांनी ऐकलेला आहे. तो बरोबर होता, हेही लिहून ठेवतो.

तिघांत माझा नंबर लागला. चर ते हेलिकॉप्टर दोनशे पावलं असतील. कापलेल्या भाताच्या खुंटांवरनं मला उड्या मारत नेलं. एक गोळा उजवीकडं पडला, चिखल अंगावर आला. मला सगळ्यात शेवटी, दाराजवळ सरकवलं. इंजेक्शन चढायला लागलं होतं. गुडघा माझा नव्हेच, कुणा दुसऱ्याचाच आहे, असं वाटत होतं. मान वळवली तर दारातून सगळं खाचर दिसत होतं. स्ट्रेचर नेणारे परत पळत होते.

आणि त्यांच्या उलट दिशेनं तो येत होता.

वाकून नाही, लपतछपत नाही. सरळ उभा, ढोपरं वर उचलत. चरातून सुभेदार हात हलवत होते, तोंड उघडं, पण पंख्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. एक गोळा त्याच्या पुढं पडला. तो आडवा झाला. मला वाटलं गेला. तो उठला. पायातला एक बूट चिखलात राहिला होता, तसाच पळत आला, दाराशी चढला, आणि आतल्या माणसाच्या कानाशी तोंड लावून काहीतरी ओरडला. त्या माणसानं मान हलवली, कळत नाही म्हणून. मग पट्टीवाल्यानं माझे केस धरले, डोकं खाली दाबलं आणि खिशातली बाटली काढून बोट माझ्या कपाळावर टेकवलं.

मला काय वाटलं ते सांगायला नको. इथवर येऊन, गोळ्यांतून पळत येऊन, हा परत माझ्या कपाळावर यम लिहितोय! मी होता नव्हता तेवढा जोर काढून त्याच्या तोंडावर ठोसा मारला. ओठ फुटला. रक्त माझ्या छातीवर पडलं. त्यानं केस सोडले नाहीत. पुरं लिहून झाल्यावरच सोडले. मग आतल्या माणसानं त्याला छातीवर हात देऊन मागं ढकललं, तो खाली उडी मारून बाजूला झाला आणि आम्ही वर उठलो.

जमीन सुटली तसा खाली एक गोळा फुटला. धूर हलला तेव्हा तो गुडघ्यांवर बसलेला दिसला. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं होतं. मनगटाच्या पुढं जे असायला पाहिजे ते दिसत नव्हतं.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? असंच पाहिजे, असं मनात म्हटलं आणि झोपलो.

जाग आली ती मागच्या मोठ्या दवाखान्यात, तंबूत. गुडघा परत आगीसारखा पेटला होता. मी बोंबलत होतो. एक सिस्टर आली, दक्षिणेकडची, काळीसावळी, दमून गेलेली. हातात सुई तयार होती. माझा दंड धरला, मग कपाळाकडं बघितलं आणि सुई ताटलीत परत ठेवली.

मी ओरडलो, "दो ना! मरता मैं इधर."

"दिया है तुमको. एम लिखा है."

"यम लिखा है, मालूम है मेरेकू!"

तिला वाटलं, मला कळलं. मग तिनं थांबून, लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. एम म्हणजे मॉर्फिया. दुखणं मारायचं इंजेक्शन. ज्याला दिलं त्याच्या कपाळावर लिहायचं, कारण तो बेशुद्ध असेल तर सांगणार कोण? पट्टीवाला कागदाची चिठ्ठीही बांधतो, पण त्याच्या चिठ्ठ्या ओल्या होऊन गेल्या असतील. रक्त गेलेल्या, गारठलेल्या माणसाला एकावर एक दोन इंजेक्शनं पडली तर श्वास थांबतो. "ये नहीं दिखता तो मैं दूसरा लगा देती. फिर तुम सोते ही रहते," ती म्हणाली आणि पुढच्या खाटेकडं गेली.

मी तोंडावर पांघरूण ओढून घेतलं. गुडघ्याचं दुखणं होतं तसंच होतं, पण मी ओरडलो नाही. त्या दिवशी नाही आणि पुढंही नाही.

दोन दिवसांनी आमच्या त्याच चरातला एक जखमी शेजारच्या खाटेवर आला. त्यानं सांगितलं, पट्टीवाल्यानं स्वतःची पट्टी दातानं ओढून बांधली आणि दुसरं हेलिकॉप्टर येईस्तोवर डाव्या हातानं सगळ्यांचं बघितलं. सुभेदार आधी त्याला शिव्या देत होते, मग गप्प झाले. माझा जोडीदार तेवढ्या वेळात गेला.

"पर वो भागा क्यूँ था, तुमको कुछ मालूम?" त्यानं मला विचारलं.

मी म्हटलं, "नहीं."

गुडघा वाकायचा बंद झाला. मला घरी पाठवलं. गडहिंग्लजला आम्हा परत आलेल्या चौघांचा सत्कार झाला. बाजारपेठेत मांडव, हलगी, गळ्यात झेंडूचे हार, आणि बायका ओवाळायला. माझ्या बापजन्मी मला कुणी खुर्ची दिली नव्हती, आणि इथं मामलेदाराच्या शेजारी बसवलं होतं. भाषणं झाल्यावर लोक भोवती जमले. त्यात शिरोळकडचा एक गुळाचा व्यापारी होता. बाजाराला आलेला. त्यानं विचारलं, "पावणं, तुमच्या संगं आमच्या गावचा डॉक्टर हुता म्हणं. त्याचा हात गेला. काय झालतं ओ?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. खरं सांगायचं तर सांगावं लागणार की मी एका अक्षराला भ्यालो. मला ते वाचता आलं नाही. आणि जो वाचवायला आला त्याचा मी ओठ फोडला. गळ्यात हार असताना हे कोण सांगेल? तुम्ही सांगितलं असतं? खोटं बोलू नका.

मी म्हटलं, "त्यो व्हय? त्यो पळाला की."

एवढंच. एक शब्दसुद्धा खोटा नाही. तो पळाला, मी डोळ्यांनी बघितलं. पण कुणीतरी हसलं, मग दुसरा हसला, आणि तो व्यापारी म्हणाला, "आरं तिच्या! आमाला वाटलं लढाईत गेला हात." मी हसणाऱ्यांना हसू दिलं. वर मिशीवर ताव दिला.

त्यानंतर मी यष्टी स्टँडाजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. पुढं दुकान, मागं घर. पाय पसरून बसायचं काम, माझ्या पायाला ते चालत होतं. दोनेक वर्षं अशी गेली.

एका उन्हाळ्यात, भर दुपारी, तो दुकानासमोर उभा राहिला. मी एका चाकाचं पंक्चर काढत होतो. आधी मला त्याची सावली दिसली, मग बाही. उजवी बाही मनगटाशी दुमडून टाचणीनं लावलेली. ओठावर एक पांढरी रेघ होती. ती माझी.

मी म्हटलं, "हवा भरायची काय?"

तो म्हणाला, "तू सांगितलंस म्हणं, मी पळालो."

"मग? न्हाई पळालास?"

"पळालो की. कुणीकडं पळालो ते सांग."

मी पंक्चरवर रबर चिकटवत राहिलो. तो उन्हातच उभा. मी बस म्हटलं नाही. मग तोच बोलायला लागला. आवाज तसाच, चढवायचा नाही. गावात दूध डेअरीवर दोन वेळा सगळं गाव जमतं. तो लायनीत उभा राहिला की कुणीतरी म्हणतंच, "वाट द्या रं, डॉक्टरास्नी पळायला जागा ठेवा." त्याच्या बापाची डेअरीच्या कट्ट्यावर रोजची बसायची जागा होती, तीस वर्षांची. बाप आता घराबाहेर पडत नाही. दूध आई घालते. त्यानं स्वतः लोकांना सगळं सांगून बघितलं. लोक म्हणतात, पळालेला माणूस दुसरं काय सांगणार?

"तुझ्या जोडीदारानं मला सांगितलं, गड्यानं कपाळ पुसलं म्हणून," तो म्हणाला. "हसत हुता. म्हणाला, यम पुसला. त्यो असता तर तुझ्या दारात आलो नसतो. आता तुझ्याबिगार कोण न्हाई."

"मी काय पुसलंबिसलं न्हाई."

तो म्हणाला, "बरं," आणि स्टँडाकडं चालायला लागला. मनात आलं, पाणी तरी पिऊन जा म्हणावं. पण म्हटलं नाही.

आत बायको होती. पडद्याआड सगळं ऐकलेलं. जेवताना तिनं विचारलं, "अवं, यम म्हंजी काय ओ?"

"गप वाढ."

"न्हाई, तुमच्या कपाळावर काढलं हुतं म्हणं त्यानं."

"तुला काय करायचंय?"

"मला काय करायचं? मला एवढंच कळलं की त्यानं काढलं म्हणून मी आज कुंकू लावतीया. आन् त्याला तुम्ही उन्हात हुबा केला."

मी ताट ढकलून उठलो. तिनं ते उचललंही नाही. आठ दिवस आमचं हे असंच चाललं. ती भाकरी ठेवायची आणि तोंड फिरवून बसायची. मी गिऱ्हाइकांवर खेकसायचो. एकाची सायकल रस्त्यावर फेकून दिली. माझं म्हणणं एकच होतं, मी काही खोटं बोललो नाही. तिचं म्हणणंही एकच होतं. "मग जावा की, आन् उरलेलं बोलून या." बाईमाणसानं शिकवल्यावर मी जाणारा नव्हे. म्हणून आठ दिवस थांबलो. नवव्या दिवशी माझ्या मनानं गेलो.

शिरोळच्या अलीकडं त्याचं गाव. यष्टीतून उतरलो तेव्हा संध्याकाळचं दूध घालायची वेळ झालती. डेअरी शोधावी लागली नाही, किटल्यांचा आवाज येत होता. चाळीस-पन्नास माणसं लायनीत. तो मधे उभा होता, डाव्या हातात किटली. मला बघून त्यानं मान दुसरीकडं वळवली. दुकानापाशी आलता तेव्हासुद्धा त्यानं एवढं तोंड वाकडं केलं नव्हतं.

मी कट्ट्यावर चढायला गेलो. गुडघा वाकत नाही, दोनदा घसरलो. एक तरुण गडी म्हणाला, "पावणं, लायनीत या. लंगड्यांना वायली लाईन न्हाई."

मी म्हटलं, "मी दूध घालायला आलो न्हाई. तुमी ह्याला पळपुटा म्हणता, ते कुणी सांगितलं तुमाला?"

"गडहिंग्लजच्या एका जवानानं."

"त्यो मीच."

आता किटल्या थांबल्या. डेअरीच्या सेक्रेटरीनं माप तसंच धरून ठेवलं. मी सगळं सांगितलं. चर, सुभेदारांचा हुकूम, मोकळं खाचर, दोनशे पावलं. "ह्यो पळाला. मी आजबी म्हणतो पळाला. पण गोळं जिकडं पडत हुतं तिकडं पळाला. माझ्याकडं पळाला. मी ह्याचा ओठ फोडला, तरी ह्यानं माझं कपाळ सोडलं न्हाई. म्हणून मी इथं हुबा हाय."

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "पण पावणं, तुमी ते पुसलंसा कशापायी?"

हाच प्रश्न दोन वर्षं मी माझ्या उंबऱ्याच्या बाहेर ठेवला होता. मी म्हटलं, "मला वाटलं, यम लिवलाय. रेड्यावरचा. इंग्रजीतलं यम मला ठावं नव्हतं. मी चौथी नापास हाय."

आधी एक जण फिस्सकन हसला. मग दुसरा. मग सगळी लाईन. किटल्या हातांत हलायला लागल्या, दूध सांडलं. "रेड्यावरचा म्हणं!" असं म्हणून तो तरुण गडी गुडघ्यांवर हात ठेवून हसत होता. बायकासुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. कट्ट्यावर मी एकटा. एखाद्याच्या कानाखाली मारावी असं वाटत होतं, पण मारली नाही. ते हसणं मीच तिथं घेऊन आलो होतो.

एकटा पट्टीवाला हसला नाही. सेक्रेटरीनं डोळे पुसले आणि म्हणाला, "डॉक्टर, या की ओ पुढं. द्या किटली." लायनीतली माणसं बाजूला सरली. तो पुढं गेला, किटली ठेवली, दूध मापून झाल्यावर परत घेतली आणि माझ्याजवळ येऊन म्हणाला, "चल घरी."

मला वाटलं, आता चहा होईल, चार शब्द बरे बोलेल. घरी त्याचा बाप सोप्यात बसला होता. भिंतीला टेकून, अंगात मळकी बंडी. आमच्या आधीच कुणीतरी पळत येऊन त्याला सांगितलेलं होतं. त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"ह्योच काय त्यो?"

"व्हय," तो म्हणाला.

"दोन वर्षं लागली व्हय रं तुला शिरोळला यायला? यष्टी तर रोज येती की."

म्हातारा उठला. खुंटीवरनं टोपी काढली, झटकली, डोक्याला घातली. त्याची म्हातारी चुलीपासनं म्हणाली, "आता कुठं? डेअरी मिटली असंल."

"दूध घालायला न्हाई. बसायला जातोय," तो म्हणाला आणि गेला.

मग आम्ही दोघंच राहिलो. मी त्याच्या बाहीकडं बघत नव्हतो, तो माझ्या गुडघ्याकडं बघत नव्हता. त्याच्या आईनं तांब्या आणून ठेवला, मी पाणी प्यालो. मला एक वाक्य म्हणायचं होतं. तुम्हाला माहीत आहे कुठलं. ते माझ्या तोंडून निघालं नाही, आणि ते ऐकायला तो थांबलाही नव्हता.

"शेवटची गाडी सुटंल तुझी," तो म्हणाला.

"जातोय की. ऱ्हायला न्हाई आलो."

तो स्टँडापर्यंत माझ्याबरोबर आला. माझ्या पायामुळं हळू चालावं लागत होतं, आणि ते त्याला जड जात होतं हे मला कळत होतं. डेअरीला कुलूप लागलं होतं. कट्ट्यावर म्हातारा एकटाच बसला होता, मांडी घालून, टोपी नीट करून, रस्त्याकडं तोंड करून. आम्ही त्याच्या समोरून गेलो. त्यानं पोराला विचारलं, "भाकरी झाली काय रं?" आणि माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.